पद्मावतीचा शोध आणि मो. ब. गर्दे यांचे कार्य



भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकाचा नायक माधव विदर्भातील कुंडिनपुराहून पद्मावती नगरीत येतो तो आन्वीक्षिकी, म्हणजे तर्कविद्या, शिकण्यासाठी. विद्येच्या वा चाकरीच्या निमित्ताने ज्यांचे पूर्वज दक्षिणेतून ग्वाल्हेरीस आले, त्या आपणां सर्वांना ही कथा जवळची वाटावी. परंतु ही पद्मावती नेमकी कोठे वसली होती? या प्रश्नाच्या उत्तराशी ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांचे नाव जोडलेले आहे.

पद्मावती ही नागवंशीय राजांची एक राजधानी, असा पुराणांचा निर्वाह आहे. एकोणिसाव्या शतकात जनरल कनिंगहॅम यांनी तिचे स्थान नरवर येथे मानले. त्यांच्या अधिकारामुळे ते मत रूढ झाले. तथापि भवभूतीने नगरीच्या वर्णनात सिंधु, पारा, लवणा आणि मधुमती अशा नद्या नावानिशी सांगितल्या आहेत. सिंध आणि पार्वती यांचा संगम नरवरला नाही. तो डबऱ्याच्या बाजूस असलेल्या पवाया या लहानशा गावाशी आहे. नाटकावरील आपल्या मराठी ग्रंथात लेले यांनी पवायाकडे लक्ष वेधले होते. गर्दे यांनी ही सूचना जमिनीवर पारखून पाहिली आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या 1915-16 च्या वार्षिक अहवालात आपला निष्कर्ष मांडला.

त्या परीक्षणाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कवीचा शब्द त्यांनी काल्पनिक म्हणून टाकून दिला नाही, आणि कवीचा शब्द एवढ्यावरच ते थांबलेही नाहीत. नद्यांची नावे व प्रवाह जुळतात काय, नागराजांची नाणी येथे मिळतात काय, मूर्ती व लेख कोणत्या काळाचे आहेत, असे एकेक प्रमाण त्यांनी तपासले. पवाया येथील मणिभद्र यक्षाच्या मूर्तीवर ब्राह्मी लिपीतील लेख आहे. शिवनंदी राजाच्या चौथ्या राज्यवर्षी मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीने, म्हणजे मंडळाने, ही प्रतिमा स्थापिली, असे तो सांगतो. पुढे 1924-25 पासून झालेल्या उत्खननांत विटांच्या चढत्या चौथऱ्यांचे भव्य मंदिरस्थान आणि मातीच्या सुबक मूर्ती उजेडात आल्या.

संस्थानाचे पुरातत्त्व खाते माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, 1913 साली स्थापन झाले. गर्दे यांच्या देखरेखीखाली किल्ल्याच्या पायथ्याच्या गुजरी महालाचे संग्रहालयात रूपांतर झाले व 1922 मध्ये ते लोकांस खुले झाले. बाघ येथील लेण्यांच्या जतनाकडेही खात्याने लक्ष पुरविले. 1921 साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती चित्रकारांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. 1927 साली लंडनच्या इंडिया सोसायटीने या लेण्यांवर ग्रंथ काढला, त्यात गर्दे यांचेही लेखन आहे. मूळ चित्रे पुढे इतकी क्षीण झाली की ती भिंतींवरून उतरवून जपावी लागली. वेळीच घेतलेल्या प्रतींचे मोल यावरून कळते.

शोध लावणाऱ्याचे नाव राहते, पण नोंद ठेवणाऱ्याचे श्रम सहसा विस्मरणात जातात. गर्दे यांनी दोन्ही कामे केली. मूर्ती कोणत्या गावी, कोणत्या स्थितीत मिळाली हे लिहून ठेवले नाही, तर ती केवळ सुंदर दगड उरते. बाजारात तिला किंमत येईल, परंतु इतिहासात तिला साक्ष देता येणार नाही. मणिभद्राची मूर्ती पवायाची आहे हे ठाऊक नसते, तर पद्मावतीच्या निर्णयात तिचा काय उपयोग झाला असता?

आजही आपल्या परिसरातील कित्येक गावांत झाडाच्या पारावर, विहिरीच्या काठी भग्न शिल्पे पडलेली आढळतात. ती हलविण्यापूर्वी, विकली जाण्यापूर्वी त्यांची जागा टिपून ठेवणे हे विद्वानांपुरते काम नव्हे. शाळेत ज्याला लिहिता-वाचता आले, त्या प्रत्येकाला ते करता येईल. गर्दे यांचे स्मरण करावयाचे, तर ते अशा नोंदीनेच करावे.