वेबसाइटची पुनर्रचना आणि जुने पत्ते

व्यवसायाची वेबसाइट नव्याने बांधताना सर्च इंजिनचा विचार केव्हा करायचा, याचे उत्तर गेल्या तीस वर्षांत बदलत गेले. आधी तो विचार होतच नसे, मग साइट तयार झाल्यावर होऊ लागला. आता तो आराखडा आखण्यापूर्वी होतो. या बदलामागे अनेक व्यवसायांनी सोसलेले नुकसान आहे.

जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू केलेली याहूची सूची माणसे हाताने तयार करीत. तिच्यात मुख्यतः साइटची नोंद असे. त्यामुळे मुख्य पत्ता कायम ठेवून आतली पाने बदलली तरी फारसे बिघडत नसे. डिसेंबर १९९५ मध्ये आलेले अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन मात्र पानापानातला मजकूर वाचून शोधसूची करू लागले आणि प्रत्येक पानाला स्वतंत्र मोल आले.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल स्थापन केले. इतर साइटवरून मिळालेली लिंक ही शिफारस मानून गूगल पानांची क्रमवारी ठरवू लागले. या शिफारशी पानाच्या पत्त्यावर जमा होतात, म्हणून जुना पत्ता ही व्यवसायाची मिळकतच ठरली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी त्याच वर्षी एका लेखात पत्ते बदलू नयेत, असा आग्रह धरला होता.

प्रत्यक्षात उलटेच घडत राहिले. २००० नंतर अनेक साइट साध्या एचटीएमएल पानांवरून डेटाबेसवर चालणाऱ्या प्रणालींवर गेल्या. पत्त्याच्या शेवटचे ‘डॉट एचटीएमएल’ जाऊन ‘डॉट एएसपी’ किंवा ‘डॉट पीएचपी’ आले. सर्च इंजिनच्या लेखी हे वेगळेच पान होते. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ‘पान सापडले नाही’ ही ४०४ ची सूचना दिसे आणि वर्षानुवर्षे जमलेल्या लिंक वाया जात. खरे तर उपाय उपलब्ध होता. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० या दस्तऐवजात ‘पान कायमचे हलले’ असे सांगणारा ३०१ हा संकेत नोंदलेला होता. पण कित्येक ठिकाणी तो वापरलाच गेला नाही, किंवा सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले गेले.

देखणेपणाच्या हौसेचीही किंमत मोजावी लागली. संपूर्ण साइट फ्लॅश या ॲनिमेशनच्या तंत्रात केली की तिच्यातला मजकूर बराच काळ सर्च इंजिनला नीट वाचता येत नसे. मराठी साइटची अडचण आणखी मुळातली होती. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांच्या साइट खास फॉन्टवर चालत. पडद्यावर ‘पुणे’ दिसे, पण फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. वाचकाने देवनागरीत शोधले तर ते पान सापडणे शक्य नव्हते. युनिकोडमध्ये रूपांतर झाल्यावरच मराठी मजकूर खऱ्या अर्थाने शोधता येऊ लागला.

हळूहळू साधने आली. जून २००५ मध्ये गूगलने साइटमॅपची, म्हणजे साइटवरील पत्त्यांची यादी सर्च इंजिनला देण्याची पद्धत आणली आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्टनेही ती स्वीकारली. फेब्रुवारी २००९ मध्ये या तिघांनी कॅनॉनिकल टॅग मान्य केला. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असेल तर त्यांतला मुख्य पत्ता कोणता, हे त्यामुळे सांगता येऊ लागले. मोबाइलमुळे पुनर्रचनेची नवी लाट आली. इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या रिस्पॉन्सिव्ह रचनेत एकच पान, एकाच पत्त्यावर, पडद्याच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेते. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरील शोधात मोबाइलस्नेही पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली, तेव्हा या रचनेकडे वळणे व्यवसायांना भाग पडले.

या अनुभवांतून आजची कामाची रीत ठरली. आधी जुन्या साइटवरील सर्व पत्त्यांची यादी होते. कोणत्या पानावर शोधातून किती लोक येतात आणि कोणत्या पानाला बाहेरून लिंक आहेत, हे तपासले जाते. मग दोन रकान्यांचा तक्ता तयार होतो. डावीकडे जुना पत्ता आणि उजवीकडे त्याच विषयाचा नवा पत्ता. त्यानुसार ३०१ रीडायरेक्ट लावले जातात आणि ते किमान वर्षभर ठेवावेत, असे गूगल सांगते. चाचणीच्या काळात सर्च इंजिनला घातलेली बंदी साइट खुली करताना न विसरता काढावी लागते. त्यानंतर नवा साइटमॅप सादर होतो आणि काही महिने गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात दिसणाऱ्या त्रुटींवर लक्ष ठेवले जाते.