गेलॅक्सी

भारतातील समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठीचे स्वतंत्र ऑनलाइन नियतकालिक. संस्थापक-संपादक सुखदीप सिंग. सुरुवात २०१० मध्ये, इंग्रजीतून. २०१४ पासून हिंदी आवृत्ती. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच हे नियतकालिक निघाले. त्यामुळे ते त्या निकालाचेच फळ आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, वाचक आणि लेखक पुन्हा गुन्हेगार ठरू शकत होते, तरीही गेलॅक्सी बंद पडले नाही. उलट त्याच सुमारास ते हिंदीत आले. कायद्याने त्याला बळ दिले असेल. तगवले मात्र त्याच्या माध्यमाने.

हे पटण्यासाठी मुंबईच्या ‘बॉम्बे दोस्त’कडे पाहावे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये सुरू केलेले हे नियतकालिक भारतातल्या समलिंगी पत्रकारितेचा पाया आहे. पण ते छापील होते. छापील नियतकालिकासाठी १८६७ च्या कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र द्यावे लागे, मग छापखाना शोधायचा, मग विक्रेत्याची मनधरणी. आणि एवढे होऊन अंक घरी आला, तरी तो गादीखाली लपवायचा. या साखळीतला एक जण जरी कचरला, तरी अंक वाचकापर्यंत पोचत नसे. ‘बॉम्बे दोस्त’ २००२ मध्ये थांबले आणि २००९ मध्ये पुन्हा निघाले. ऑनलाइन नियतकालिकाने ही मधली माणसे वगळली. एकत्र कुटुंबातला मुलगा रात्री दिवा मालवल्यावर मोबाइलवर लेख वाचतो आणि पान बंद करतो. गादीखाली काहीच उरत नाही. लेखकालाही टोपणनावाने लिहिता येते, आणि हे स्वातंत्र्य मोठे आहे, कारण नाव उघड झाल्याची किंमत घर आणि नोकरी अशा दोन्ही ठिकाणी मोजावी लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो: समाजमाध्यमे हाताशी असताना संपादित नियतकालिक कशाला हवे? समाजमाध्यमांनी माणसे जोडली, हे खरेच. पण तिथला मजकूर दोन दिवसांत वाहून जातो, आणि कोणाची ओळख उघड करायची, कोणाची नाही, हा निर्णय घ्यायला तिथे संपादक नसतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले, तर १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. या दोन तारखांच्या मधली वर्षे समाजाने आतून कशी अनुभवली, हे समजून घ्यायला तारीखवार जपलेले लेखनच लागते. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. अशी नियतकालिके शहरी, इंग्रजी वाचणाऱ्यांची राहिली. हिंदी आवृत्ती हे त्याला दिलेले उत्तर आहे, पण ते अर्धेच. मराठीत हे काम प्रामुख्याने पुस्तकांनी केले: पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि ‘इंद्रधनू’ ही त्यांतली महत्त्वाची. मुलाने सगळे सांगितल्यावर गोंधळलेल्या आईला आपल्या भाषेत वाचायला द्यावे असे पुस्तक मराठीत आहे. दर महिन्याला नवे काही देणारे, टिकाऊ मराठी नियतकालिक तिला तितकेच हवे.