मायक्रोस्कोपमधलं भूत

तुमचं वय आता अठरा आहे. केस टोपीत कोंबलेले, समोर मायक्रोस्कोप. साल १९७८, ठिकाण सुंगाई वे, क्वालालंपूरला खेटून असलेलं मुक्त व्यापार क्षेत्र. कारखाना अमेरिकी मालकीचा. भिंगाखाली सिलिकॉनचा एवढासा तुकडा आहे. त्याच्या कडेच्या ठिपक्यांपासून बाहेरच्या धातूच्या पायांपर्यंत केसाहून बारीक सोन्याची तार जोडायची. एक तार झाली की दुसरी, तुकडा संपला की पुढचा. मान वर केली तर टार्गेट मागे पडतं, खाली ठेवली तर पाळी संपेपर्यंत खांदे भरून येतात. या आठवड्यात तुमची रात्रपाळी आहे. बायकांना रात्री कामावर ठेवायचं नाही असं इथला कायदा सांगतो, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांना त्यातून सूट दिलेली आहे.

गाव तुम्ही नुकतंच सोडलंय. तिथे भातखाचरं आहेत, रबराची झाडं आहेत, पहाटे उठून चीक गोळा करणारी आई आहे. तिथलं काम हलकं नव्हतं आणि त्या कामाचे पैसे तुमच्या हातात कधीच पडले नव्हते. इथे पगार तुमच्या नावाने येतो. त्यातला मोठा हिस्सा तुम्ही घरी धाडता, धाकट्या भावाची फी त्यातून जाते, आणि उरलेल्यातून एकदा घट्ट जीन्स घेतलीत तर गावातल्या बायकांनी नाकं मुरडली. तुमच्यासारखींना इथे ‘मिना कारान’ म्हणून चिडवतात, म्हणजे विजेच्या कारखान्यातली मिना. त्या चिडवण्यात थोडा हेवाही आहे. हा पगार नीट लक्षात ठेवा. कारखान्याची बाजू घेणारे त्याच्याच आधारावर बोलतात, आणि ते खोटं बोलत नाहीत.

चार टेबलं पलीकडे एक मुलगी किंचाळते.

तिला भिंगात कुणीतरी दिसलंय. ती हात झाडते, धरायला आलेल्या सुपरवायझरला ढकलून देते. एवढ्याशा अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मग मागच्या रांगेतली एक. मग तुमच्या शेजारची. तुम्ही मराठी घरात वाढलेले असाल तर हे समजावून सांगायला नको. अंगात आलंय. बघता बघता मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या १२० जणींचं काम ठप्प होतं. कारखाना तीन दिवस बंद राहतो. बोमो, म्हणजे इथला मांत्रिक, बोलावला जातो आणि कारखान्याच्या आवारात बोकड कापला जातो.

आइवा ओंग या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. सेलांगोरमध्ये कामगार मुलींच्या घरांत वावरून त्यांनी १९८७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात असे आणखीही प्रसंग आहेत. डॉक्टर अशा मुलींना व्हॅलियम द्यायचे, व्यवस्थापन त्याला बायकी उन्माद म्हणायचं. ओंग यांनी त्यात निषेध पाहिला. मला ते पटतं, कारण त्या मुलींसमोर दुसरा रस्ता काय होता तेही बघा. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांतल्या कामगारांची संघटना देशात होती, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या कामगारांनी तिच्यात यायचं नाही असं सरकारने ठरवलं. गुंतवणूकदार बिथरतील, ही भीती. म्हणजे बोकडाला परवानगी मिळाली, युनियनला नाही.

तुम्ही या खुर्चीवर आलात कशा, हे समजायला पंधरा वर्षं मागे चला.

१९६३, हाँगकाँग. उन्हाळा असा की सरकार चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी सोडतंय. तुम्ही बादल्या लावून रांगेत उभ्या आहात. रांगेतून सुटून क्वुन टाँगमधल्या हँग यिप स्ट्रीटवर या. पूर्वी चपला बनत त्या इमारतीत आता कॅलिफोर्नियाच्या फेअरचाइल्डने ट्रान्झिस्टर जोडायचं काम सुरू केलंय. चिप बनवण्याचं अवघड काम अमेरिकेतच होतं. जोडणीचं, डोळे फोडणारं काम तेवढं विमानाने इकडे येतं. फेअरचाइल्डचे चार्ली स्पॉर्क हे हिशोबाचे पक्के गृहस्थ. आधीच्या नोकरीत, न्यूयॉर्क राज्यात, कामगार संघटनांशी झगडणं त्यांना नकोसं झालेलं. इथली मजुरी तासाला पंचवीस सेंट, अमेरिकेतल्या मजुरीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

या हिशोबात आणखी एक कलम आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या जकात कायद्यात ८०७ क्रमांकाची तरतूद आली. अमेरिकी सुटे भाग परदेशात जोडून परत आणले तर जकात फक्त बाहेर वाढलेल्या किमतीवर लागेल. बाहेर वाढलेली किंमत म्हणजे मुख्यतः तुमची मजुरी. तुम्हाला जितकं कमी मिळेल तितकी जकातही कमी. बाजार आपोआप स्वस्त मजुरीकडे वाहत जातो असं अर्थशास्त्राचे मास्तर सांगतात. इथे पाट सरकारी फावड्याने खणलेला दिसतो.

हाँगकाँगच्या या धंद्यात पंचविशी ओलांडलेल्या, चष्मा लागलेल्या कामगार बाईला पुढे ‘आजी’ म्हणू लागले. डोळे गेले की काम गेलं.

इथून झरझर चला. १९६५, न्यू मेक्सिको, शिपरॉक. आश्चर्य वाटेल, पण ही अमेरिकाच आहे. फेअरचाइल्डने नवाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात कारखाना काढलाय आणि लाइनवर बसलेल्या जवळपास सगळ्या नवाहो बायका आहेत. १९६९ च्या माहितीपत्रकात त्यांच्या गालिच्यांच्या नक्षीशेजारी चिपची नक्षी छापली आहे: या बायकांच्या हातातच ही कला आहे, असं सांगायला. १९७५ मध्ये कामगार कपातीनंतर अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या लोकांनी कारखाना ताब्यात घेतला. कंपनीने टाळं लावलं ते कायमचं. १९७२, पेनांग: इंटेलचा अमेरिकेबाहेरचा पहिला कारखाना. मलेशियाने गुंतवणूकदारांसाठी काढलेल्या पत्रकात पूर्वेकडच्या बाईचे हात लहान आणि चपळ असतात, ही जाहिरात. १९७३, अंधेरी: सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, आपलं सीप्झ.

चपळ बोटं नवाहो असोत, चिनी असोत की मलय, पत्रकातला मजकूर तोच. बोटं हे निमित्त आहे. मुलगी तरुण हवी, अविवाहित हवी, घरापासून लांब हवी, पहिल्यांदाच पगार पाहणारी हवी. भांडण करायला जो आधार लागतो तो तिच्याजवळ अजून जमलेला नसतो.

आता पुढे या. २००९, चीनमधलं सुचौ. तुम्ही विनटेक या तैवानी कंपनीच्या कारखान्यात अॅपलच्या फोनच्या काचा पुसताय. आधी अल्कोहोलने पुसत होतात. आता हेक्झेन दिलंय, कारण ते पटकन उडतं आणि तासाला जास्त काचा होतात. खोली बंद आहे. काही महिन्यांनी बोटांना मुंग्या येतात, मग पाय जड होतात, मग वसतिगृहाचा जिना चढवत नाही. हेक्झेन हातापायांच्या नसा खातं, हे वैद्यकाला कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. १३७ कामगारांवर उपचार करावे लागले, हे अॅपलने २०११ च्या अहवालात स्वतः लिहिलं. तासाला काही काचा जास्त, एवढ्यासाठी.

आणि २०१०, शेनझेन, लाँगह्वा. अॅपलसाठी माल बनवणाऱ्या फॉक्सकॉनचं आवार. इथे तीन लाखांवर माणसं काम करतात, म्हणजे आवार कसलं, शहरच. सकाळी लाइनवर उभं राहिलं की सुपरवायझर विचारतो, कसे आहात? सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं: छान, फार छान, फारच छान! मग बारा तास कुणाशी बोलायचं नाही. वसतिगृहात खोलीतल्या इतर जणी वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या, वेगवेगळ्या पाळ्यांच्या. तुम्ही येता तेव्हा त्या झोपलेल्या असतात किंवा निघालेल्या असतात. पलीकडच्या पलंगावरच्या मुलीचं नाव तुम्हाला माहीत नाही.

त्यांतल्याच एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मागे आज चालत राहा. फेब्रुवारीत ती हुबेहून इथे आली. काचेवर ओरखडा आहे का, हे बघायचं तिचं काम. पहिला महिना भरला, बाकीच्यांना पगाराचं कार्ड मिळालं, तिला नाही. तिची नोंद दुसऱ्या आवारात, ग्वानलानला, गेली आहे म्हणे. ती बसने ग्वानलानला जाते. या खिडकीवरून त्या खिडकीवर, या इमारतीतून त्या इमारतीत. प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो. आपल्याकडे तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ही वणवण नवी नाही, पण तो संध्याकाळी निदान स्वतःच्या घरी परततो. तिच्याजवळचे पैसे संपलेत, मोबाइल बिघडलाय. १७ मार्चला सकाळी वसतिगृहाच्या चौथ्या मजल्यावरून ती उडी घेते. ती वाचली, कमरेखाली कायमची अधू होऊन. आयपॅड अमेरिकेत दुकानात यायला तेव्हा अडीच आठवडे होते.

त्या वर्षात फॉक्सकॉनच्या चीनमधल्या कारखान्यांत आत्महत्येचे अठरा प्रयत्न नोंदले गेले, चौदा जण गेले. कंपनीने इमारतींना जाळ्या बांधल्या. जीव देणार नाही, अशा मजकुराच्या कागदावर कामगारांच्या सह्या मागितल्या. ओरड झाल्यावर तो कागद मागे घेतला. अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी जूनमध्ये सांगितलं की तिथे उपाहारगृहं आहेत, चित्रपटगृहं आहेत, पोहण्याचे तलाव आहेत. काही हुशार माणसांनी गणित मांडलं: एवढ्या लाख लोकांमागे एवढ्या आत्महत्या, म्हणजे प्रमाण चीनच्या सरासरीपेक्षा कमीच. गणित चुकलेलं नाही, तुलना चुकली आहे. देशाच्या सरासरीत म्हातारे येतात, आजारी येतात, कर्जबाजारी येतात. इथे धडधाकट, नोकरीला लागलेली, विशी-पंचविशीतली पोरं काही महिन्यांत एकाच मालकाच्या छपरांवरून उड्या टाकत होती.

आता पैशांचं बोलू. लाँगह्वात मूळ पगार महिन्याला ९०० युआन होता. जूनमध्ये तो १,२०० झाला. परवडत नव्हता म्हणून आधी दिला नाही का? क्रेमर, लिंडेन आणि डेड्रिक या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० च्या आयफोनची किंमत फोडून पाहिली. अॅपलचा नफा विक्रीच्या किमतीच्या ५८.५ टक्के. चीनमधल्या सगळ्या कामगारांची मजुरी १.८ टक्के. मजुरी दुप्पट केली असती तरी गिऱ्हाइकाला फरक कळला नसता. ग्राहकालाच स्वस्त हवं असतं, आपण सगळेच दोषी, असा उसासा टाकायची एक फॅशन आहे. तो उसासा मला मान्य नाही. तुमच्या खिशातल्या फोनची किंमत ठरवताना या मुलीच्या पगाराचा प्रश्न कधी तुमच्यासमोर आलाच नव्हता. माल कधी हवा ती तारीख ठरवणारा एक, माल घेणारा दुसरा, कारखाना चालवणारा तिसरा आणि मुली भरती करणारा चौथा. चौकशी आली की प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवायचं, ग्वानलानच्या खिडक्यांसारखं.

पगार वाढले तसे कारखाने चीनच्या आत सरकले, चंगचौला, छंगतूला. मग आणखी दक्षिणेला.

२०२१ चा डिसेंबर. तुम्ही आता तमिळ बोलताय. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरमध्ये फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडता आणि कंत्राटदाराने घेतलेल्या वसतिगृहात जमिनीवर चटई टाकून झोपता. काही संडासांना पाणी नाही. एका रात्री मेसचं जेवण बाधतं. अडीचशेच्या वर मुली आजारी पडतात, १५९ जणींना रुग्णालयात न्यावं लागतं. त्या कुठे आहेत ते कुणी सांगत नाही, काही जणी गेल्या अशी अफवा पसरते. तुम्ही मैत्रिणींबरोबर उठता आणि चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर जाऊन बसता. इथे कुणाच्या अंगात आलेलं नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही घोषणा देऊन सांगताय. पोलीस पकडून नेतात, तरी कारखाना जवळपास महिनाभर बंद राहतो. अॅपल मान्य करते की राहण्या-जेवणाच्या जागा त्यांच्या नियमांत बसणाऱ्या नव्हत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सिपकॉट या तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने बांधलेलं १८,७२० खाटांचं वसतिगृह या मुलींसाठी सुरू झालं. त्याआधी दोनच महिने रॉयटर्सने बातमी दिली होती की इथल्या भरतीत लग्न झालेल्या बायकांना दारातूनच परत पाठवलं जातं. फॉक्सकॉनने भेदभावाचा आरोप नाकारला. केंद्राच्या कामगार मंत्रालयाने राज्याकडे अहवाल मागितला.

परत या. तुमचं वय पुन्हा तुमचं झालंय आणि तुम्ही महाराष्ट्रात आहात. २०२२ च्या सप्टेंबरात तळेगावला येईल म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेला आणि तो कुणी घालवला यावर इथे रान उठलं. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, ही गोष्ट वेगळी. त्या भांडणात कोटींचे आकडे आले, लाखभर नोकऱ्या आल्या, राज्याची अस्मिता आली. त्या नोकऱ्या कशा असतील, हे विचारणारा आवाज मला तरी ऐकू आला नाही. कारखाने यावेत, आपल्या मुलींना स्वतःच्या नावाचा पगार मिळावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुढच्या सामंजस्य कराराचा फोटो पेपरात येईल तेव्हा आपल्या आमदाराला गाठून विचारा: या मुली कंपनीच्या मस्टरवर असतील की कंत्राटदाराच्या, रात्री झोपतील कुठे, आणि त्यांना युनियन काढता येईल का. उत्तर लेखी मागा.