फोटोतली गाडी कोणाची?

स्मरणिकेसाठी ‘बँकेतले अनुभव’ लिहा, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह होता. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीतले अनुभव म्हणजे बहुतेक लेजर, बदल्या आणि ऑडिट! ते वाचायला आपली मंडळी का थांबतील? म्हणून निवृत्तीनंतर जडलेल्या एका छंदाविषयी लिहितो. हा छंद मला आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे लागला, तेव्हा तो स्मरणिकेत शोभेल असं वाटतं.

काही वर्षांपूर्वी मी ग्रुपवर एक फोटो फॉरवर्ड केला होता. जुनी मोटार, आणि तिच्या पुढच्या चाकांसमोर बांधलेले झाडू. खाली मजकूर : लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून अलवारच्या महाराजांनी रोल्स रॉइस गाड्या विकत घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. पन्नासेक अंगठे आले. मी खूश. तेवढ्यात ‘सी’ विंगमधल्या एका कॉलेजकन्येने विचारलं, “काका, पण ही रोल्स आहे हे कशावरून?”

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय एक चेक पास केला नाही, त्याने खालचा मजकूर वाचून फोटो पास केला होता! त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या गाड्यांचे फोटो ‘वाचायला’ शिकू लागलो.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आज आपण शोरूममधून पूर्ण गाडी घेतो. त्या काळी मोठ्या गाड्यांचं तसं नव्हतं. रोल्स रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिऱ्हाइकाला चॅसी, इंजिन आणि रेडिएटर द्यायची. वरची बॉडी बांधायला गाडी दुसऱ्या कारखान्यात जायची. हे कोचबिल्डर म्हणजे मूळचे बग्ग्या बांधणारे. लंडनची बार्कर ही पेढी तर अठराव्या शतकापासून या धंद्यात. हूपर, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग ही लंडनचीच आणखी काही नावं. पॅरिसचे फिगोनी ए फालास्की नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत, गोलाईच्या बॉड्या करत. आपल्याकडेही कलकत्त्याची स्टुअर्ट आणि मद्रासची सिम्प्सन या कंपन्या हे काम करत. लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा, आणि सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे. त्यामुळे एकाच चॅसीच्या दोन गाड्या सख्ख्या बहिणी असूनही एकमेकींसारख्या दिसत नाहीत.

म्हणूनच फोटोवरून ओळखताना क्रम चुकवायचा नाही. पहिलं रेडिएटर. कंपनीची खरी सही तीच. रोल्सचं रेडिएटर देवळाच्या दर्शनी भागासारखं : दोन्ही कडा ताठ, वर त्रिकोणी माथा. त्यावरच्या परीकडे मात्र आधी पाहू नये. ती १९११ पासून आहे हे खरं, पण ती कोणीही कुठल्याही गाडीवर बसवू शकतो. लेटरहेड छापून घेता येतं, सही नाही.

दुसरं म्हणजे साल. दिवे कार्बाइडच्या गॅसचे की विजेचे? चाकं लाकडी आऱ्यांची की तारांची? पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम दिसतात का? रोल्सला पुढचे ब्रेक १९२४ च्या सुमारास आले, म्हणजे ते दिसले तर गाडी त्याआधीची असण्याची शक्यता कमी. आणि रेडिएटर पुढच्या आसाच्याही पुढे सरकलेलं दिसलं, तर १९३६ पासूनची फँटम थ्री आहे का ते पाहायचं.

तिसरं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे कोचबिल्डर. इथे दाराच्या बिजागऱ्या, काचेचा कल, मडगार्डची वळणं, कमरेवरून जाणारी पट्टी असं बारीकसारीक पाहावं लागतं. पुष्कळदा कोचबिल्डरच्या नावाची छोटी पट्टी दाराच्या उंबरठ्यावर असते. दार उघडं असताना फोटो काढला असेल, तर नशीब!

यातही फसगत होते. चॅसी टिकाऊ, बॉडी नाजूक. मालकाला कंटाळा आला की दहा वर्षांच्या चॅसीवर नवीन बॉडी चढायची. म्हणजे खालचं साल वेगळं, वरचं वेगळं. रंगाचंही तसंच. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, त्यामुळे लाल किंवा नारिंगी गाडी फोटोत काळपट येते. शेवटचा निकाल चॅसी नंबरचाच. इंग्लंडमध्ये रोल्स रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबने गाड्यांची मूळ चॅसी कार्डं जपून ठेवली आहेत. गाडी कोणी मागवली, बॉडी कोणी बांधली, हे त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या लेजर फोलिओसारखंच की!

एवढं शिकून मी झाडूवाला फोटो पुन्हा उघडला. देवळासारखं रेडिएटर कुठेच नव्हतं. ती साधी, कारखान्यात हजारोंनी बनलेली गाडी होती. शोध घेता कळलं, की १९३६ साली पॅलेस्टाईनमधल्या दंगलींच्या काळात रस्त्यांवर खिळे टाकत. टायर वाचावेत म्हणून लोक गाडीपुढे झाडू बांधत, आणि तसे फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. कचऱ्याचा संबंधच नाही. शिवाय तीच गोष्ट अलवारबरोबर भरतपूर, पतियाळा आणि हैदराबादच्या नावावरही सांगतात. एकच चेक चार खात्यांवर आला की आमच्याकडे घंटा वाजायची. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. तिला तीन अंगठे आले, त्यातला एक त्या मुलीचा.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात एक फोटो आहे. आजोबा इंदूरला, होळकर संस्थानात हिशेबनीस होते. फोटोत ते फेटा बांधून एका मोटारीच्या मडगार्डवर हात ठेवून उभे आहेत. “महाराजांच्या गाडीजवळ आजोबा,” असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

दुसरे यशवंतराव होळकर गाड्यांचे खरे दर्दी. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे चॅसी लंडनला नेऊन गर्नी नटिंगने तिच्यावर दोन माणसांची बॉडी बांधली होती. रंग नारिंगी आणि काळा, इंजिन ३२० अश्वशक्तीचं असल्याचा कंपनीचा दावा. १९३०च्या दशकातली ती गाडी आज जगातल्या नावाजलेल्या गाड्यांत मोजली जाते. आपला फोटो तिचाच निघाला तर! भिंग घेऊन बसलो.

रेडिएटरवर बो टायच्या आकाराचं चिन्ह होतं. शेवरोले. बॉडी कारखान्यातलीच, कोचबिल्डरचा हात तिला लागलेला नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून अशा गाड्या तयार केल्या. कदाचित तिथलीच असेल. संस्थानातल्या एखाद्या अधिकाऱ्याची किंवा व्यापाऱ्याची गाडी. महाराजांची ड्यूसेनबर्ग नक्कीच नाही.

हे इंदूरच्या आत्याला सांगावं की नाही, यावर महिनाभर विचार केला. तिचं वय ब्याण्णव. तिच्या दिवाणखान्यात या फोटोची मोठी प्रत लावलेली आहे. शेवटी दिवाळीला गेलो तेव्हा सांगितलं. ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अरे, महाराजांची गाडी असं आमच्या काकांनी सांगितलं. दादांनी कधीच नाही. दादा म्हणायचे, फोटोवाल्याने उभं केलं, म्हणून उभा राहिलो.”

म्हणजे हिशेबनिसाची नोंद बरोबर होती. चूक पुढच्यांनी, म्हणजे आम्ही केली. फोटो अजून तिथेच आहे. फक्त मागे मी पेन्सिलने लिहून ठेवलं : इंदूर, शेवरोले, मालक माहीत नाही, शेजारी आजोबा. खाली तारीख आणि सही.

जाता जाता एक विनंती. सोसायटीच्या ऑफिसमध्ये भूमिपूजनाचा फोटो लावलेला आहे. पंचवीसच वर्षं झाली, पण डावीकडून चौथे गृहस्थ कोण, यावर गेल्या मीटिंगमध्ये दोन मतं पडली. ज्यांना आठवतं ते सभासद अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून नावं मागे लिहून घेऊ या. त्याच फोटोच्या कोपऱ्यात एक पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती कोणाची, हेही कोणीतरी सांगा. नाहीतर सुवर्णमहोत्सवापर्यंत तिची रोल्स व्हायची!