पुंगळीचा कुलवृत्तान्त

कलकत्त्यास बदली होऊन आल्यावर पहिले दोन महिने मी दमदमच्या बाजूस एका वृद्ध बंगाली गृहस्थांच्या घरी भाड्याच्या खोलीत राहत होतो. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पितळेची एक रिकामी पुंगळी उभी करून ठेवलेली असे. एके दिवशी सहज ती उचलून उलटी केली, तो तिच्या बुडावर 'के' आणि 'एफ्' ही इंग्रजी अक्षरे व त्यांच्यामध्ये एक बारीक बाण असा छाप दिसला. हा छाप खडकीच्या कारखान्याचा. ज्या गावची सकाळची भोंग्याची हाक मी लहानपणी अंथरुणात पडून ऐकली, त्या गावची ही पुंगळी माझ्याआधी कितीतरी वर्षे बंगालात येऊन स्थायिक झाली होती! परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा, तसे मला वाटले. घरमालकांना मी तसे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "मग ही तुमचीच. जाताना घेऊन जा."

ती पुंगळी आता माझ्या टेबलावर आहे. तिच्या निमित्ताने जे वाचन घडले, त्यातून एक गोष्ट ध्यानात आली की, आपल्याकडे जसे घराण्यांचे कुलवृत्तान्त लिहितात तसा पुंगळ्यांचाही लिहिता येईल. एका मापाची पुंगळी दाबून, आवळून, कापून दुसऱ्या मापाची करावयाची, हा या वृत्तान्तातला मुख्य विधी. आणि त्या विधीमागे बहुधा कोणत्या ना कोणत्या सरकारचा हुकूम उभा असतो. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

बंदुकीची नळी आणि राज्यकर्त्यांचा विश्वास यांचा संबंध आपल्या देशात फार जुना आहे. १८५७ च्या जानेवारीत याच दमदम येथे नव्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांविषयीची कुजबुज प्रथम उठली, हे सर्वश्रुत आहे. ते काडतूस कागदाचे होते. दातांनी तोडून त्यातील दारू नळीत ओतावयाची आणि मागून गोळी ठासावयाची. नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर. उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी काय केले, हे मात्र तितकेसे कोणी सांगत नाही. हिंदी शिपायांकरिता त्यांनी १८५८ नमुन्याची जी बंदूक काढली, ती बाहेरून एन्फील्डसारखीच दिसे. परंतु नळीच्या आतले पेच काढून ती गुळगुळीत केलेली असे आणि व्यास वाढवून ०.६५६ इंच केलेला असे. पेच नाहीत म्हणजे लांबचा नेम नाही. गोऱ्या सोल्जरच्या हाती रायफल आणि काळ्या शिपायाच्या हाती तिच्याच रूपाची आंधळी बंदूक! माप बदलणे हे केवळ कारागिरीचे काम नसून राज्यकारभाराचे साधन आहे, हा धडा त्या नळीत कोरलेला आहे.

पुढे कागदाचे काडतूस मागे पडले. १८६६ साली जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाच्या योजनेप्रमाणे जुन्या एन्फील्ड रायफली मागून भरता येतील अशा करून घेण्यात आल्या, आणि वूलिचच्या कारखान्यातील कर्नल बॉक्सर यांनी त्यांच्यासाठी पितळी पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी तयार केली. माप तेच, ०.५७७. आमच्या कुलवृत्तान्तातील हा मूळ पुरुष.

१८७१ साली इंग्रजी फौजेने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिची गोळी बारीक, ०.४५० इंचाची. पण एवढ्या बारीक नळकांड्यात पुरेशी दारू भरावयाची तर काडतूस लांबलचक आणि नाजूक होऊ लागले. तेव्हा तोडगा असा निघाला की, पुंगळीचे पोट स्नायडरच्याच जाडीचे ठेवावे, आणि मान तेवढी आवळून ४५० ची करावी. बाटलीसारखी दिसणारी ही पुंगळी '५७७/४५०' या नावाने प्रसिद्ध झाली. या नावाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पहिला आकडा आईबापांचा, दुसरा स्वतःचा. इंग्रजी बंदूककारांची ही नाव देण्याची रीत पुष्कळ काळ टिकली. ५००/४६५ म्हणजे पाचशेच्या कुळात जन्मलेली, पण चारशे पासष्टची गोळी वाहणारी. आपली 'कर'कारान्त आडनावे याहून वेगळे काय सांगतात? ज्या गावाची वेसही आपण पाहिली नाही, ते गाव आपण जन्मभर नावापुढे वागवतो.

गुंडाळलेल्या पत्र्याच्या पुंगळ्यांचा दोष सुदानच्या वाळवंटात उघडा पडला. १८८५ च्या जानेवारीत अबू क्ली येथे रायफली तापल्या, पुंगळ्या नळीत अडकल्या, आणि शत्रू अंगावर आलेला असताना शिपायांच्या हातांतील हत्यारे निरुपयोगी झाली. त्यानंतर पितळेच्या एकसंध तुकड्यातून ओढून काढलेली पुंगळी प्रचारात आली. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेची एक चकती घ्यावयाची, तिची प्रथम वाटी करावयाची, आणि मग ती वाटी एकाहून एक अरुंद साच्यांतून ओढीत न्यावयाची. प्रत्येक ओढीनिशी धातू कठीण होतो व तडकावयास पाहतो. म्हणून मधूनमधून त्यास भट्टीत ताव देऊन मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंडा घडताना पाहिला असेल, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. तांबट ठोकतो, पुन्हा तापवतो, पुन्हा ठोकतो. न तापवता ठोकीत राहिला तर हंडा फुटेल.

एका पुंगळीची दुसरी करणे हे याच विद्येचे घरगुती रूप आहे. मानेला ताव देऊन ती मऊ करावयाची, तेल लावावयाचे, आणि एकदम नव्हे तर पायरीपायरीने अरुंद होत जाणाऱ्या साच्यांतून ती दाबावयाची. घाई केली की मानेवर सुरकुती पडते आणि ती पुंगळी वाया जाते. मान आवळली की धातू कोठेतरी जावा लागतो. म्हणून ती जाड होते आणि पुंगळी लांबही होते. मग कड कापून लांबी बरोबर करावयाची. इतके करूनही तिचा आकार पूर्ण उतरत नाही; नव्या रायफलीत ती पहिल्याने उडते तेव्हाच दारूच्या दाबाने फुगून ती नळीच्या खोलीशी तंतोतंत जुळते. तथापि बुडाकडचा भाग या सर्व उलाढालीत जसाच्या तसा राहतो. तेथे धातू मुद्दाम कठीण ठेवलेला असतो, आणि जुन्या कारखान्याचा छापही तेथेच असतो.

आता पुन्हा राज्यकर्त्यांकडे वळू. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले, हे आपण शाळेत शिकलो. परंतु शस्त्र काढून घेतले तरी मापाची भीती गेली नाही. मार्टिनी-हेन्री रायफली जुन्या झाल्या, फौजेने १८८८ पासून ०.३०३ इंचाची रायफल घेतली. पण जुन्या रायफली सरहद्दीवरील टोळ्यांकडे आणि सुदानात जाऊन पोहोचल्या होत्या. इकडे १८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने शिकारीसाठी ४५० चे जबरदस्त नवे काडतूस काढले. हे शिकारी काडतूस मार्टिनीत बसत नसे; तरी त्यातील गोळी काढून जुन्या पुंगळीत भरता येईल, अशी भीती सरकारला वाटली. १९०७ साली हिंदुस्थानात व सुदानात ४५० बोअरवर बंदी आली.

या बंदीचा परिणाम मोठा मौजेचा झाला. वाघ-हत्तींची शिकार करणारे साहेब आणि संस्थानिक हे बंदूककारांचे मुख्य गिऱ्हाईक. ते सोडून चालणार नव्हते. तेव्हा ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी मापे बाजारात पुढे आली. हॉलंड अँड हॉलंड कंपनीची ५००/४६५ याच १९०७ सालची. प्राणी तोच, शिकारी तोच, दारूचा जोरही जवळजवळ तोच. केवळ गोळीचा व्यास इंचाच्या काही हजारांशांनी बदलला. गंमत अशी की, ४५०/४०० ही पुंगळी मात्र निर्वेधपणे चालू राहिली, कारण नावात ४५० असले तरी तिची गोळी ४०० ची. कुमाऊँच्या नरभक्षक वाघांमागे फिरणाऱ्या जिम कॉर्बेट यांच्या दुनळी रायफलीचे माप हेच होते. कायद्याने कुळाकडे पाहिले नाही, तोंडाकडे पाहिले!

हाच प्रकार इतरत्रही दिसतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी मापाची रायफल नागरिकाने बाळगण्यावर निर्बंध होते. तेथील लोकांनी १९४० नंतरच्या दशकात मुबलक मिळणारी ३०३ ची पुंगळी घेऊन तिची मान सुमारे पाव इंचावर आणली. तिचे नाव ३०३/२५. आपल्याकडेही ३०३ हे फौजेचे माप म्हणून नागरिकास वर्ज्य. म्हणून शिकारी रायफलीसाठी ३१५ हे माप रूढ झाले. मुळात ही ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीची आठ मिलिमीटरची पुंगळी. पुढे कलकत्त्याजवळच्या इच्छापूर येथील सरकारी कारखान्यात ३१५ च्या रायफली होऊ लागल्या. इंग्रज गेले, १९५९ चा नवा कायदा झाला, तरी 'निषिद्ध बोअर' हा शब्द आपण तसाच ठेवला. राज्य बदलते, फायलीवरील शेरा बदलावयास अधिक काळ लागतो, हे आम्हां कारकुनांइतके कोणास ठाऊक असणार?

दमदमचे नाव तर एका गोळीमुळेच जगभर झाले. १८९० नंतरच्या दशकात येथील कारखान्याचे अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यांनी ३०३ च्या गोळीचे टोक उघडे ठेवले. ती शरीरात शिरताच फुलून भयंकर जखम करी. सरहद्दीवरील पठाणांवर ती वापरली गेली. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या.

हिंदुस्थानच्या पावसाळ्यानेही या इतिहासात भर घातली आहे. पावसाळ्यात मोहिमा थांबत, तेव्हा इंग्रजी फौजेची काडतुसे कधी कधी घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा संपल्यावर पाहावे तो पुष्कळ पुंगळ्या आपोआप तडकलेल्या! न उडवता, न आपटता पितळ फुटते कसे, याचा उलगडा बराच काळ झाला नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचे कारण सांगितले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया वायू आणि घडणीच्या वेळी धातूत कोंडून राहिलेला ताण, या दोघांच्या संगनमताने पितळ तडकत असे. उपाय साधा होता. शेवटचा ताव नीट द्यावा, म्हणजे आतला ताण निघून जातो. पुंगळीच्या मानेपाशी जी निळसर-तांबूस झाक दिसते, ती त्या तावाचीच खूण होय.

या वृत्तान्तातले ताजे प्रकरण काठमांडूचे आहे. तेथील लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात नेपाळ दरबाराचा शस्त्रसाठा पडून होता. २००३ साली तो परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि हजारो मार्टिनी रायफली अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती गेल्या. रायफली आल्या, पण ५७७/४५० ची पुंगळी बाजारात सहजी मिळेना. तेव्हा लोकांनी शोधून काढले की, छऱ्याच्या बंदुकीची २४ बोअरची पितळी पुंगळी या कामी येते. एक पौंड शिशाच्या चोवीस सारख्या गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास भरतो, तो २४ बोअर. आणि तो जवळजवळ ०.५७७ इंचच आहे. म्हणजे पक्षी मारावयाच्या पुंगळीस ताव देऊन, पायरीपायरीने मान आवळून, दीडशे वर्षांपूर्वीचे तेच घराणे पुन्हा उभे केले गेले. ज्या रायफलीच्या धास्तीने एका साम्राज्याने अर्ध्या जगातील शिकाऱ्यांची मापे बदलली, ती आता निवृत्त गृहस्थांच्या रविवारच्या विरंगुळ्याची वस्तू झाली आहे.

आमच्या देशात याच्या उलट विधीही घडला. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धानंतर इच्छापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एन्फील्ड रायफलीलाच ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाजोगे करून घेतले. येथे पुंगळी रायफलीसाठी बदलली नाही, रायफल पुंगळीसाठी बदलली. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन तो नव्या सरकारी कंपनीकडे गेला. म्हणजे कारखान्याचीही मान आवळली गेली, बूड मात्र खडकीतच राहिले.

आपल्यापैकी अनेकांनी बदलीच्या हुकुमांचे साचे पाहिले आहेत. आज कलकत्ता, उद्या गुवाहाटी, परवा जबलपूर. भाषा बदलावी लागते, जेवण बदलावे लागते, मुलांच्या शाळा बदलाव्या लागतात. माझा थोरला मुलगा परवा बंगालीत स्वप्नात बोलला, असे त्याची आई सांगत होती. ऐकून मला प्रथम वाईट वाटले. मग टेबलावरची पुंगळी हातात घेऊन पाहिली. धातूला नवे माप घेता येते, पण त्यास मधूनमधून ताव मिळावा लागतो. न मिळाला तर पहिल्याच पावसाळ्यात तडा जातो. गणपतीचे दहा दिवस, महाराष्ट्र मंडळातली एखादी संध्याकाळ, घरून आलेल्या भाजणीचा डबा आणि हे मासिक, हा आपला ताव. तेवढा मिळत राहिला तर मान कोठल्याही मापाची होवो; बूड उलटून पाहिले तर छाप कोठला, हे वाचता यावे, एवढे पुरे.