इमोजेन : मुद्राराक्षसाची लेक

सायमन फॉरमन हा लंडनमधला वैद्यकी आणि ज्योतिष दोन्ही करणारा माणूस. पाहिलेल्या नाटकांची कथानकं तो वहीत उतरवून ठेवी. ती वही आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि तिच्यात शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलीन’वरचं टिपणही आहे. फॉरमन सप्टेंबर 1611 मध्ये वारला, म्हणजे त्याने पाहिलेला प्रयोग त्याआधीचा. एक इटालियन माणूस पेटीत लपून राजकन्येच्या शयनगृहात शिरतो, मध्यरात्री बाहेर येतो, झोपलेल्या राजकन्येच्या अंगावरच्या खुणा न्याहाळतो आणि तिच्या हातातलं कडं काढून घेतो, हे सारं फॉरमनने नोंदवलं आहे. राजकन्येचं नाव त्याने लिहिलं आहे इनोजेन.

नाटक छापून आलं 1623 मध्ये, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या नाटकांच्या जाडजूड संग्रहात ‘सिम्बेलीन’ अगदी शेवटी आहे. तिथे ही राजकन्या झाली आहे इमोजेन. आज ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात ज्या मुलींना इमोजेन म्हणून हाक मारतात, त्यांच्या नावाचा धागा या शेवटच्या पानांपर्यंत येऊन पोचतो.

मधल्या बारा वर्षांत काय झालं असावं? त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षरात ‘एन’ म्हणजे दोन आखूड उभ्या रेघा आणि ‘एम’ म्हणजे तीन. ‘इनोजेन’मध्ये ‘एन’ जोडीने येतो, म्हणजे चार रेघा ओळीने उभ्या. घाईने लिहिलेल्या कागदावर त्यांतली एक रेघ पुसट झाली की वाचणाऱ्याला ‘एम’ दिसणारच. मोडीतली जुनी कागदपत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. एखादा फाटा पुसट झाला की तिथे गावाचं नाव बदलतं. मग चूक नक्कल करणाऱ्याची असो की खिळे जुळवणाऱ्याची, एकदा नाव ‘इमोजेन’ ठरलं आणि पुढे पानोपानी तेच पडत गेलं.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. हे नाव फोलिओत वारंवार येतं आणि दर वेळी ‘इमोजेन’च येतं. एखाद्या ठिकाणी नजर चुकेल, सगळीकडे कशी चुकेल? तेव्हा शेक्सपिअरनेच नाव मुद्दाम बदललं असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. पण दुसऱ्या पारड्यात पुरावा जड आहे. फॉरमनच्या हातात छापील पुस्तक नव्हतं. त्याने नाव रंगभूमीवरून ऐकलं, नटांच्या तोंडून. शिवाय ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकाच्या 1600 सालच्या छापील प्रतीत पहिल्याच प्रवेशाच्या रंगसूचनेत मेसिनाचा राज्यपाल लिओनॅटो येतो आणि त्याच्याबरोबर येते त्याची बायको इनोजेन. तिला नाटकभर एकही वाक्य नाही. शेक्सपिअरने पात्र योजलं आणि लिहिता लिहिता सोडून दिलं, एवढंच त्यावरून कळतं; पुढच्या बहुतेक संपादकांनी तिला काढूनच टाकलं. आता ‘सिम्बेलीन’मधल्या राजकन्येच्या नवऱ्याचं नाव पाहा: पोस्थुमस लिओनेटस. लिओनॅटोची इनोजेन, लिओनेटसची इनोजेन. दहा वर्षांच्या अंतराने त्याच लेखकाच्या मनात ही जोडी पुन्हा जुळली. मला तरी हा पुरावा निर्णायक वाटतो.

‘इनोजेन’ हे नाव त्याला मिळालं राफेल होलिन्शेडच्या बखरीत. 1577 साली निघालेला हा ग्रंथ शेक्सपिअरच्या कितीतरी नाटकांची खाण आहे. होलिन्शेडच्याही मागे गेलं तर आपण पोचतो 1136 च्या सुमाराला, मॉन्मथच्या जेफ्रीच्या लॅटिन ग्रंथापाशी. ब्रिटनच्या राजांचा हा ‘इतिहास’ बराचसा कल्पित, पण शतकानुशतकं खरा मानला गेलेला. त्यात ट्रॉयहून निसटलेल्यांचा वंशज ब्रुटस एका ग्रीक राजाला हरवतो आणि तहात त्याची मुलगी मागून घेतो. तिचं नाव इग्नोगे किंवा इनोजेन. जहाजं किनारा सोडतात तेव्हा ही मुलगी वरच्या डेकवर उभी आहे. मागे सुटत चाललेल्या किनाऱ्यावरून तिची नजर हलत नाही. ती रडते, ब्रुटसच्या मिठीत शुद्ध हरपते, सावध होते, पुन्हा रडते, आणि किनारा दिसेनासा झाल्यावर थकून झोपी जाते. लढाया आणि वंशावळींनी भरलेल्या त्या ग्रंथात सासरी निघालेल्या मुलीच्या रडण्याला एवढी जागा मिळावी याचं मला फार अप्रूप वाटतं. ब्रुटस पुढे ब्रिटनचा पहिला राजा होतो आणि त्याचे तीन मुलगे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वाटून घेतात, अशी ती दंतकथा. म्हणजे इनोजेन ही ब्रिटनच्या राजकुळाची आदिमाता. प्राचीन ब्रिटनच्या राजकन्येसाठी शेक्सपिअरने हेच नाव निवडावं हे ओघानेच आलं.

नावांच्या कोशांत ‘इमोजेन’चा अर्थ ‘कन्या’ असा दिलेला असतो. तो येतो आयरिशमधल्या ‘इनियन’ या शब्दावरून, ज्याचा अर्थ मुलगी किंवा लेक. उघडच हा अर्थ ‘एन’वाल्या इनोजेनचा, ‘एम’वाल्या इमोजेनला तो नुसता वारसाहक्काने मिळाला. इंग्रजी कानाला ‘इनोजेन’मध्ये निरागसतेचा, निर्दोषपणाचा शब्दही ऐकू येतो, आणि खोट्या आळाचं दुःख सोसणाऱ्या नायिकेला तो शोभतो. ‘एम’ झाल्यावर तो सूर नाहीसा झाला.

पण नाव जगलं ते व्युत्पत्तीवर नाही, त्या बाईच्या स्वभावावर. बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न करणारी, नवऱ्यानेच तिला मारायचा हुकूम दिल्यावर मुलाच्या वेशात वेल्सच्या डोंगरात शिरणारी ही नायिका एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांची अतिशय लाडकी होती. हेलन फॉसिटने ही भूमिका गाजवली, 1896 मध्ये एलन टेरीने लायसियम थिएटरमध्ये केली. कवी टेनिसन 1892 मध्ये गेला तेव्हा ‘सिम्बेलीन’ची प्रत त्याच्याबरोबर पुरण्यात आली. मुलींना हे नाव ठेवायची प्रथा याच काळात रुजली. अमेरिकेत तर शेवटी एक ‘ई’ जोडून, उच्चार लांबवून ‘इमोजीन’ झालं. 1920 च्या दशकात ते तिथे चांगलंच चालत होतं आणि दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळातली विनोदी अभिनेत्री इमोजीन कोका त्याच वळणाची.

हे नाटक आपल्याकडेही आलं. विष्णु मोरेश्वर महाजनी, पुढे 1907 च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी 1879 मध्ये ‘सिम्बेलीन’ मराठीत आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘तारा’. बडोद्यात त्याचा प्रयोग झाला. तिथे शिक्षक असलेल्या हॅरॉल्ड लिटलडेलने तो पाहिला आणि लंडनच्या ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये 1880 साली त्याबद्दल लेख लिहिला. महाजनींनी राजाचं नाव बाजूला सारून नाटकाला नायिकेचं नाव दिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सिम्बेलीन हा राजा त्या नाटकात करतो तरी काय? सारा भार तिच्यावर आहे, हे मराठी रूपांतरकाराने बरोबर ओळखलं.

खऱ्या आयुष्यात हे नाव ज्यांनी मोठं केलं त्यांतल्या दोघी योगायोगाने 12 एप्रिललाच जन्मल्या. इमोजेन कनिंगहॅम 1883 मध्ये अमेरिकेत पोर्टलंड इथे. वडिलांनी शेक्सपिअरच्या नायिकेवरूनच नाव ठेवलेलं. छायाचित्रण ही कला आहे का यावर वाद चालू असण्याच्या दिवसांत तिने मॅग्नोलियाच्या एकाच फुलाच्या इतक्या जवळ कॅमेरा नेला की पाकळ्या आणि केसर यांपलीकडे चौकटीत काही उरू नये. 1925 चं ते छायाचित्र आजही तिची ओळख आहे.

दुसरी इमोजेन होल्स्ट, 1907 ची. तिचे वडील, संगीतकार गुस्ताव होल्स्ट, त्या सुमाराला ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावत होते आणि त्यासाठी संस्कृत शिकले होते. लवकरच त्यांनी ‘सावित्री’ ही छोटी संगीतिका रचली, यमाला परतवणाऱ्या पत्नीची. घरात एकीकडे पाळण्यातली इमोजेन, दुसरीकडे कागदावर सावित्री! ही लेक स्वतः संगीतकार झाली, संगीतरचनाकार बेंजामिन ब्रिटनचा उजवा हात म्हणून तिने बारा वर्षं काम केलं, आणि 1950-51 च्या हिवाळ्यात शांतिनिकेतनला जाऊन तिने भारतीय संगीत अभ्यासलं. घरचे तिला नुसतं ‘इमो’ म्हणत. मूळच्या ‘एन’चा त्या हाकेत मागमूसही नाही, आणि आता ती हाक कोण दुरुस्त करणार?

ब्रिटनमध्ये हे नाव बराच काळ सुशिक्षित, नाटकवेड्या घरांपुरतं राहिलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ते वर चढलं आणि इंग्लंड-वेल्समधल्या मुलींच्या पहिल्या शंभर नावांत आलं. इमोजेन स्टब्स ही अभिनेत्री, 1977 ची गायिका इमोजेन हीप, नंतरची अभिनेत्री इमोजेन पूट्स यांच्यामुळे ते कानावर पडत राहिलं.

नेमक्या याच काळात संपादकांनी ते पुसायला घेतलं. 1986 मध्ये ऑक्सफर्डच्या शेक्सपिअर समग्र आवृत्तीत स्टॅनली वेल्स आणि गॅरी टेलर यांनी राजकन्येला पुन्हा ‘इनोजेन’ केलं, 2005 मध्ये केंब्रिजच्या नव्या आवृत्तीने तेच केलं. संहितेपुरता हा निर्णय योग्यच आहे; लेखकाने लिहिलेलं नाव लेखकाला परत मिळालं पाहिजे. रंगभूमीने मात्र ऐकलं नाही. 2016 मध्ये लंडनच्या ग्लोबमध्ये मॅथ्यू डन्स्टरने हे नाटक आजच्या लंडनच्या अमली पदार्थांच्या टोळ्यांमध्ये नेऊन बसवलं, आणि महाजनींसारखंच राजाचं नाव काढून नायिकेचं दिलं. जाहिरातींवर अक्षरं होती ‘इमोजेन’. पुढच्याच वर्षी आर्डनची नवी आवृत्ती बाजारात आली. तिच्यात सगळीकडे ‘इनोजेन’ आहे.