देवळाच्या वाटेवरचा बाजार

दिवाळीच्या सुटीत पुण्याला पाहुणे आले म्हणजे त्यांचे हटकून दोन तट पडतात. वडील माणसे म्हणतात, "आधी कसबा गणपती, जोगेश्वरी, ओंकारेश्वर. बाजाराचे मागून पाहू." सुना-मुली म्हणतात, "देव काही पळून जात नाहीत. आधी तुळशीबागेत चला!" घरधन्याची मोठी पंचाईत होते. परंतु वाचकहो, या भांडणात थोडासा इतिहास आणला तर भांडणच उरत नाही. पुण्यात देऊळ पाहणे आणि बाजार पाहणे ही दोन कामे नव्हेतच, एकाच कामाची ती दोन अंगे आहेत.

अगदी मुळापासून पाहू. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले आणि गावावरून गाढवांचा नांगर फिरवला, असे इतिहास सांगतो. काही वर्षांनी जिजाबाई बाळ शिवबांना घेऊन येथे राहावयास आल्या, तेव्हा गाव नव्याने वसवायचे होते. कसबा गणपतीची स्थापना त्या काळातली. ओसाड पडलेल्या जागी कुंभाराने चाक का मांडावे आणि वाण्याने दुकान का थाटावे? नुसत्या हुकमाने माणसे येत नाहीत. देवापुढे रोज दिवा लागतो आहे असे दिसले, म्हणजे येथे कोणीतरी टिकून राहणार आहे अशी खात्री पटते. मग भांडी घडवणारा येतो, भांडी घेणाराही येतो. त्याच कसब्यात तांबट आळी आणि कुंभारवाडा ही नावे आजही नांदत आहेत.

पुढे पेठा वाढल्या. पेठ या शब्दाचा अर्थच मुळी बाजार. आजची बुधवार पेठ औरंगजेबाच्या वेळी, १७०३ साली, मुहियाबाद म्हणून ओळखली जाऊ लागली, तर गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. नावे देणारे राजे गेले, नावेही बदलली, पण उलाढाल थांबली नाही.

या साऱ्यात तुळशीबागेची कथा मला विशेष गोड वाटते. मुळात ती खरोखरीच तुळशीची बाग. तेथे पेशव्यांचे सरदार नारो आप्पाजी खिरे यांनी रामाचे देऊळ उभारले आणि बागेवरून त्यांच्या घराण्याला 'तुळशीबागवाले' हे नाव पडले. हाकेच्या अंतरावर नाना फडणिसांनी बेलबागेत लक्ष्मीनारायणाचे देऊळ बांधले. आता तुळशीबागेत काय विकले जाई पाहा: बांगड्या, कुंकू, पितळेचे देव, निरांजने, आणि मुलींचा जीव की प्राण अशी भातुकली. हा सारा माल बायकामुलींचाच का असावा? मला वाटते, याचे उत्तर देवळातच आहे. ज्या काळात घरंदाज स्त्रीला उंबरठ्याबाहेर पडायला सबब लागे, त्या काळात "रामाला जाऊन येते" ही एकच सबब अशी होती की सासूबाईंनाही तीवर काही बोलता येत नसे. देवदर्शनाच्या वाटेवर तिला चार मैत्रिणी भेटत, चार जिनसा पाहायला मिळत, आणि घटकाभर ती आपल्या मनाची राणी होई. दुकानदारांनी ते ओळखले आणि देवळाच्या दाराशी तिच्यासाठी बाजार मांडला. रामाने तिला दर्शन दिले तसे थोडे मोकळे आकाशही दिले.

पुण्यातल्या देवांनीही बाजाराचे ऋण लपवलेले नाही. शेजारी पासोड्या विकायला बसत म्हणून विठोबा झाला पासोड्या विठोबा. हलवायाच्या जिलब्यांचा संबंध आला म्हणून मारुती झाला जिलब्या मारुती. भक्ताने देवाचे नाव घ्यावे ही जगाची रीत, पण येथे देवाने गिऱ्हाइकांच्या तोंडचे नाव घेतले. परक्याला यात थट्टा दिसते, पुणेकराला सलगी.

याच्या उलट शनिवारवाडा पाहा. १७३० मध्ये पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत, आणि १८२८ च्या आगीत आतली सारी वैभवाची कलाकुसर भस्म. सत्ता गेली तसा वाडा गेला, उरले तट आणि दरवाजे. गंमत अशी की, त्याच्यापुढच्या पटांगणात भाजीबाजार मात्र भरत राहिला. १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची नवी मंडई उघडली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले. या इमारतीवर नगरपालिकेने एवढा पैसा खर्च करू नये, असे सांगणारे जोतीराव फुले होते. पुढे मंडईला नाव लागले ते त्यांचेच! ज्यांनी गरिबांसाठी विरोध केला, त्यांचे नाव आज गरीब भाजीवाल्यांच्या रोजच्या तोंडी आहे.

हे पुण्यातच घडले असे नाही. जपानी भाषेत देवळाच्या दरवाजापुढे वाढलेल्या वस्तीला 'मोन्झेन-माची' असा स्वतंत्र शब्दच आहे. तोकियोच्या आसाकुसा भागात कान्नोन देवतेचे सेन्सोजी हे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या वाटेवर दुतर्फा दुकानांची रांग लागते, तिला नाकामिसे म्हणतात. शेजारच्या रहिवाशांकडे देवळाच्या आवाराची झाडलोट होती, त्या सेवेच्या मोबदल्यात त्यांना तेथे दुकाने मांडण्याचा हक्क मिळाला, अशी तिची सुरुवात. १८८५ मध्ये सरकारने ती दुकाने उठवून विटांची नवी बांधली. आपली मंडई उघडली त्याच्या आदल्याच वर्षी! १९२३ च्या भूकंपात ती पडली. १९४५ च्या बॉम्बवर्षावात मंदिर जळाले आणि १९५८ मध्ये मुख्य मंडप पुन्हा उभा राहिला. देवाने दुकानदारांना पोसले होते, तसे लोकांनी देवाला सावरले.

आपल्याकडेही जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांवरून मुठेचे पाणी गेले. चिखल उपसून माणसांनी पुन्हा दुकाने उघडली, देवांच्या पूजा पुन्हा सुरू केल्या. आता २०२४ पासून मंडईखाली भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. गर्दीला कंटाळलेले लोक अधूनमधून म्हणतात की देवळांभोवतीचा हा बाजार हटवावा, म्हणजे देवळे नीट दिसतील. वाट मोकळी हवी, आगीचा बंब शिरायला हवा, हे खरेच. पण बाजार समूळ उठवाल तर देऊळ दिसेल आणि देवळात येणारे माणूस दिसणार नाही.

म्हणून यंदा पाहुणे आले की दोन्ही तटांना एकदमच बाहेर काढा. भातुकली घेताना पोरीला रामाच्या चौकात न्या, आणि रामाचे दर्शन घेऊन निघालेल्या आजोबांच्या हाती भातुकलीची पिशवी द्या. ती धरायला ते नाही म्हणणार नाहीत.